छळातून पळून आलेल्या स्त्रीचा जबाब कसा वाचावा : गृह विभागास खुले पत्र

प्रति,
मा. अपर मुख्य सचिव, गृह विभाग, महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई;
तसेच मराठवाड्यातील आठही जिल्ह्यांत परदेशी नागरिकांच्या नोंदणीचे काम पाहणारे पोलीस अधिकारी यांस,

विषय : लिंगाधारित छळाच्या कारणावरून आश्रय मागणाऱ्यांच्या जबाबांची विश्वासार्हता तपासण्याबाबत.

महोदय / महोदया,

मी छत्रपती संभाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात वकिली करते. माझ्याकडची बहुतेक प्रकरणे कौटुंबिक हिंसाचाराची आणि लैंगिक अत्याचाराची असतात. फुलंब्री, अंबड, गेवराईकडून बायका येतात. अलीकडे त्यांच्या फायलींबरोबर काही वेगळे कागदही माझ्या टेबलावर येऊ लागले आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात येमेन, सुदान, इराक अशा देशांतून विद्यार्थी येतात, हे या शहराला जुने आहे. त्यांत शिकायला आलेल्या मुली असतात, कुणाच्या बायका असतात, कुणाच्या बहिणी असतात. व्हिसाची मुदत संपत येते आणि त्यांतली एखादी सांगते की मी परत गेले तर घरचे मला जिवंत ठेवणार नाहीत. अशी बाई दिल्लीला, संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तालयाकडे जाऊ शकते, आणि सचखंड एक्स्प्रेसने जातेही. पण इथे राहण्याचा प्रश्न अखेर आपल्याच पोलीस यंत्रणेपुढे येतो. म्हणून हे पत्र दिल्लीला न लिहिता आपल्याला लिहीत आहे.

भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर किंवा त्याच्या १९६७ च्या प्रोटोकॉलवर सही केलेली नाही. १९४६ चा परदेशी नागरिक कायदा जाऊन २०२५ चा नवा कायदा आला, तरी आश्रयाचा दावा कोणी आणि कशा पद्धतीने तपासावा, हे त्यातही सांगितलेले नाही. जे काही आहे ते केंद्रीय गृह मंत्रालयाने २०११ मध्ये घालून दिलेल्या आणि २०१९ मध्ये सुधारलेल्या कार्यपद्धतीत आहे. २०११ च्या मूळ कार्यपद्धतीनुसार, स्वतःला निर्वासित म्हणवणाऱ्या परदेशी व्यक्तीचा दावा प्रथमदर्शनी खरा वाटला तर राज्य सरकारने ३० दिवसांत दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठी केंद्राकडे शिफारस करायची असते. छळाच्या कारणांत तिथे वंश, धर्म, राष्ट्रीयत्व यांच्या जोडीने लिंग हे कारण स्पष्टपणे नमूद आहे. १९५१ च्या करारातील पाच कारणांत ते नाही, आणि त्यामुळे परदेशांतील न्यायालयांना स्त्रियांचे दावे ‘विशिष्ट सामाजिक गट’ या कारणात बसवण्यासाठी वर्षानुवर्षे खटपट करावी लागली. ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हा तिथले सर्वोच्च न्यायालय तेच होते) १९९९ मध्ये, नवऱ्यांनी व्यभिचाराचा आळ घेतलेल्या दोन पाकिस्तानी स्त्रियांच्या बाबतीत ते मान्य केले. अफगाण स्त्रीच्या बाबतीत तिचे लिंग आणि राष्ट्रीयत्व एवढे पाहणे पुरेसे ठरू शकते, हे म्हणायला युरोपीय संघाच्या न्यायालयाला २०२४ उजाडले. आपल्याकडे हा अडथळा नव्हताच. तरीही असे दावे इथे पहिल्याच टेबलावर पडतात, कारण कायद्याचा प्रश्न सुटलेला असला तरी विश्वासाचा सुटलेला नाही. प्रथमदर्शनी खरे वाटणे हे शेवटी समोरच्या एका अधिकाऱ्याच्या वाटण्यावर येऊन थांबते.

त्या वाटण्याची कारणे मी टिपणांत वाचली आहेत. कोणत्या कार्यालयाची, हे सांगत नाही, कारण दुखणे एका कार्यालयाचे नाही. शेरे फिरून फिरून तेच असतात : तारखांमध्ये तफावत आहे, पहिल्या जबाबात लैंगिक अत्याचाराचा उल्लेख नाही, तो मागाहून आला आहे, अर्जदार जबाब देताना शांत होती, भयभीत वाटली नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की या तिन्ही कारणांचा आपल्या फौजदारी न्यायालयांनी गेल्या चाळीसेक वर्षांत कस लावला आहे आणि केवळ त्यांच्या आधारे बाईला खोटे ठरवता येत नाही, असे पुन्हा पुन्हा सांगितले आहे. आपल्याच ठाण्याच्या एका खोलीत जे मान्य आहे, ते शेजारच्या परदेशी नोंदणीच्या खोलीत अमान्य का व्हावे?

एक प्रसंग सांगते. ती ओळखू येऊ नये म्हणून देश सांगत नाही. माझ्या समोरच्या खुर्चीत बसून ती तरुणी व्हिसाच्या झेरॉक्सचा कोपरा दुमडत होती, उलगडत होती. काकाने मारले त्या दिवशी नळाखालची हिरवी प्लास्टिकची बादली भरून वाहत होती आणि नळ बंद करायला कुणी आले नाही, हे तिला आठवत होते. बादलीची कड एका बाजूने फुटलेली होती, हेही तिने सांगितले. पण ही मारहाण बहिणीच्या लग्नाआधीची की नंतरची, या प्रश्नावर तिने दोनदा दोन उत्तरे दिली. आवाजात चढउतार नव्हता. दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगावी तसे ती सांगत होती, आणि मधेच हसलीही. पहिला जबाब झाला तेव्हा खोलीत सगळे पुरुष होते आणि दुभाषा तिच्याच देशाचा, तिच्या भावाच्या ओळखीचा होता. तिथे ती ‘घरी त्रास होता’ एवढेच बोलली. पुढे बाई दुभाषी मिळाल्यावर तिने बलात्काराविषयी सांगितले. त्यावर टिपणात शेरा आला की अर्जदाराने जबाबात सुधारणा केलेली दिसते. सत्र न्यायालयात बचावाचे वकील याला ‘इम्प्रूव्हमेंट’ म्हणतात आणि उलटतपासणीत त्यावर जोर देतात. ते त्यांचे कामच आहे. पण तिथे समोर न्यायाधीश असतो, सरकारी वकील असतो, आणि ती ‘इम्प्रूव्हमेंट’ कशामुळे झाली हे सांगायची संधी बाईला मिळते. इथे तो शेरा हाच निकाल होता.

तीव्र भीतीच्या क्षणी मन जे टिपते ते सलग टिपत नाही. एखादा आवाज, वास, एखादी वस्तू घट्ट रुतून बसते. क्रम, कालावधी, आजूबाजूचे तपशील मात्र निसटतात, आणि ती आठवण टाळण्यातच मनाची बरीच शक्ती जाते. मराठवाड्याला हे पुस्तकातून शिकायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपातून वाचलेल्या किल्लारी, सास्तूरच्या माणसांशी बोलून पाहा. धरणीचा आवाज आणि मातीचा वास ते आजही सांगतात, पण आपल्याला ढिगाऱ्यातून कोणी काढले, किती वेळाने काढले, यावर एकाच घरातल्या दोघांचा मेळ बसत नाही. त्यांना कुणी खोटे म्हणत नाही, कारण भूकंप झाला हे सगळ्यांना माहीत आहे. बंद घरात झालेल्या छळाला असा साक्षीदार नसतो, म्हणून तेच विस्कळीत सांगणे तिथे संशयाचे कारण होते.

याचा अभ्यासही झाला आहे. जेन हर्लिही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोसोवो आणि बोस्नियातून ब्रिटनमध्ये आलेल्या ३९ निर्वासितांना काही काळाच्या अंतराने त्याच घटनांविषयी दोनदा विचारले. हा अभ्यास २००२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. या माणसांना समूह म्हणून आधीच आश्रय मिळालेला होता, म्हणजे खोटे बोलून त्यांना काही मिळवायचे नव्हते. तरी त्यांच्या दोन कथनांत तफावती सर्रास आढळल्या. घटनेच्या गाभ्यापेक्षा भोवतालच्या तपशिलांत त्या जास्त होत्या, आणि ज्यांच्या मनावरील आघाताची लक्षणे तीव्र होती त्यांच्या बाबतीत दोन मुलाखतींमधले अंतर वाढले तशा त्याही वाढल्या. दावा प्रलंबित ठेवून सहा महिन्यांनी पुन्हा जबाब घ्यायचा आणि पहिल्याशी ताडून पाहायचा, ही आपली सवय म्हणजे तफावत पैदा करण्याची हमखास रीत आहे.

आता न्यायालयांकडे वळते. ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हे मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवरील बलात्काराचे प्रकरण देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात घडले होते. अंगावर जखमा नाहीत आणि तिने आरडाओरडा केला नाही, अशा कारणांवरून सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोन्ही पोलीस शिपायांना सोडून दिले. त्यावर उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायद्याच्या अध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर चळवळ उभी राहिली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. त्याच वर्षी ‘भारवाडा भोगिनभाई हिरजीभाई’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की साक्षीदाराच्या मनात घटनेची व्हिडिओ टेप नसते, आणि किरकोळ तफावतींना अवाजवी महत्त्व देऊ नये. (याच निकालात भारतीय स्त्री आणि पाश्चात्त्य स्त्री यांच्या खरेपणाची जी तुलना केली आहे, ती मला कधीच पटलेली नाही. राष्ट्रीयत्वावरून बाईचा शब्द तोलायचा, हीच गोष्ट निर्वासितांच्या बाबतीत सर्वांत घातक आहे.) १९९० मध्ये ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध चंद्रप्रकाश केवलचंद जैन’ या निकालाने स्पष्ट केले की पीडितेकडे गुन्ह्यातील साथीदाराकडे पाहावे तसे संशयाने पाहायचे नाही आणि तिची साक्ष विश्वासार्ह असेल तर वेगळा पुरावा लागत नाही. खऱ्या पीडितेने अमुकच पद्धतीने वागले पाहिजे, या समजुतींवर सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये न्यायाधीशांसाठी पुस्तिकाच काढली.

आणि हे सारे अशा खटल्यांत, जिथे आरोपीचे स्वातंत्र्य पणाला लागलेले असते आणि गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो. आश्रयाच्या दाव्यात आरोपीच नसतो. तिथे प्रश्न भविष्याचा असतो : परत गेल्यास हिला धोका आहे का? त्याचे मोजमाप जगभर खालचे आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्येच म्हटले होते की दहात एक एवढी शक्यता असली तरी भीती साधार ठरू शकते. निर्वासितविषयक उच्चायुक्तालयाच्या १९७९ च्या हस्तपुस्तिकेनुसार सिद्ध करण्याचे ओझे तत्त्वतः अर्जदारावर असले तरी वस्तुस्थिती शोधून तपासण्याची जबाबदारी अर्जदार आणि अधिकारी या दोघांची असते, आणि कथन एकूण पटण्यासारखे असेल तर उरलेल्या शंकेचा फायदा अर्जदाराला द्यायचा असतो. म्हणजे ज्या तफावतीवर सत्र न्यायाधीश आरोपीलासुद्धा सोडणार नाहीत, त्या तफावतीवर आपण एका बाईला विमानात बसवतो.

तारखांचा मुद्दा तर आपल्या भागातल्या अधिकाऱ्यांना समजावून सांगायची गरज पडू नये. बीडची ऊसतोड कामगार बाई साक्षीला उभी राहिली की ‘टोळी निघायच्या आधी’, ‘कारखाना सुटल्यावर’, ‘येळवशीच्या दुसऱ्या दिवशी’ अशी उत्तरे देते, आणि न्यायाधीश ती लिहून घेतात. अफगाण बाई ज्या पंचांगात वाढली, त्याचे वर्ष मार्चमध्ये सुरू होते. इथिओपियाच्या पंचांगात तेरा महिने असतात आणि ते आपल्या इंग्रजी वर्षाच्या सात-आठ वर्षे मागे चालते. रमजान दर वर्षी साधारण ११ दिवस अलीकडे येतो, त्यामुळे ‘तीन रमजानांपूर्वी’ याचा इंग्रजी महिना काढायला बसले की चूक होतेच, आणि ती चूक करतो दुभाषा, शेरा मात्र बसतो बाईच्या नावावर.

उशिरा सांगण्याबद्दल थोडे जास्त लिहिते, कारण दावे सर्वाधिक इथेच बुडतात. आपल्या या प्रदेशातून १९४७-४८ मध्ये रझाकारांच्या भीतीने असंख्य कुटुंबे बार्शी, सोलापूरकडे निघून गेली. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर मुस्लिम वस्त्यांवर जे ओढवले त्याची पाहणी पंडित सुंदरलाल यांच्या समितीने केली, आणि तिच्या अहवालात बलात्कारांची आणि स्त्रियांना पळवून नेल्याची नोंद आहे. तो अहवाल सरकारनेच दशकानुदशके जाहीर केला नाही. दोन्हीकडच्या किती बायका त्या दिवसांबद्दल लेकी-सुनांजवळसुद्धा न बोलता गेल्या, याची मोजदाद नाही. जिथे सरकारला बोलायला इतकी वर्षे लागतात, तिथे विशीतल्या मुलीने अनोळखी देशात, गणवेशातल्या पुरुषासमोर, पहिल्याच दिवशी तोंड उघडावे ही अपेक्षा कशाच्या बळावर करायची? युरोपीय संघाच्या न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये, नेदरलँड्समधील समलिंगी अर्जदारांच्या प्रकरणात, आपली लैंगिकता पहिल्याच संधीला सांगितली नाही एवढ्यावरून अर्जदाराला अविश्वसनीय ठरवता येणार नाही, असा निर्णय दिला. तृतीयपंथी आणि समलिंगी अर्जदारांना तर आपल्याच देशबांधव दुभाष्याची भीती सर्वांत जास्त असते.

इथे एक सावधगिरीचा इशाराही द्यावासा वाटतो. आघाताबद्दल बोलणे अलीकडे वाढले आहे, प्रशिक्षणांत त्याचे तक्ते दाखवतात, आणि त्यातून एक नवाच साचा तयार होतो : खरी पीडित ती, जी थरथरते, रडते, मधेच थांबते. मग जी बाई ताठ बसून, नीट केस विंचरून, नेमकी उत्तरे देते ती संशयास्पद ठरते. छळ सोसूनही एखादी कणखर राहते, एखादी मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला नकार देते, एखादीला कोणताच विकार नसतो. तिच्या देशात तिच्या जिवाला असलेला धोका त्यामुळे कमी होत नाही. वैद्यकीय अहवाल असेल तर तो जरूर वाचावा. छळाच्या नोंदी शास्त्रशुद्ध कशा कराव्यात याचे मार्गदर्शन १९९९ च्या आणि २०२२ मध्ये सुधारलेल्या इस्तंबूल प्रोटोकॉलमध्ये आहे, आणि घाटी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाला तो अनोळखी असण्याचे कारण नाही. पण अहवाल नाही म्हणून दावा खोटा, असे होऊ नये.

‘पोलिसांकडे का गेली नाही?’ आणि ‘इतका त्रास होता तर परत त्याच घरी का गेली?’ हे दोन प्रश्न आपल्याकडे अजूनही विचारले जातात. बैठक बसवून, चार लोकांच्या साक्षीने मुलीला पुन्हा नांदायला पाठवणे म्हणजे काय, हे ठाण्यात नोकरी केलेल्या प्रत्येकाने पाहिले आहे. त्याची पुनरुक्ती करत नाही.

खोटे दावे असतात का? असतात. पैसे घेऊन कहाणी लिहून देणारे दलालही असतात, आणि व्हिसाची मुदत वाढवण्यासाठी आश्रयाची भाषा वापरणारेही मला भेटले आहेत. त्यांतल्या दोघांचे काम मी घेतले नाही. पण पढवलेला साक्षीदार ओळखायची ज्यांना सवय आहे त्यांना ठाऊक असते की तो तारखांना अडखळत नाही. त्याची कहाणी क्रमाने येते, आणि क्रम मोडून बाजूचे काही विचारले, म्हणजे घरात पाणी कुठून भरत होता, तुझी खोली कुणाबरोबर होती, की तो गडबडतो. तफावतीवर बोट ठेवून दावे फेटाळायची पद्धत अशा माणसाला सोडते आणि बादली आठवणाऱ्या मुलीला पकडते. खोटेपणा शोधायचा असेल तर मोकळे प्रश्न विचारावेत, त्या देशातील परिस्थितीची विश्वसनीय माहिती पुढे ठेवून कथन पडताळावे आणि जिथे विसंगती वाटते तिथे ती अर्जदारापुढे स्पष्ट शब्दांत मांडून तिचा खुलासा लिहून घ्यावा. हा शेवटचा भाग आज जवळजवळ कुठेच होत नाही.

कॅनडाने असे दावे तपासण्यासाठी मार्च १९९३ मध्ये जगात पहिल्यांदा स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२२ मध्ये त्या नव्याने लिहून आघाताचा विचार आणि पीडितांविषयीचे गैरसमज यांना त्यांत मोठी जागा दिली. आपल्याला इतके मोठे काम करायचे नाही. गृह विभागाचे एक परिपत्रक पुरे आहे. लैंगिक अत्याचाराची फिर्याद महिला अधिकाऱ्यानेच नोंदवावी, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. आश्रयाच्या दाव्यातील जबाबालाही तोच नियम लावावा, आणि दुभाषा कोण असावा हे अर्जदाराला विचारून ठरवावे. नवऱ्याच्या अर्जात बायकोचे नाव अवलंबित म्हणून लिहून मोकळे होऊ नये. तिला एकटीला बसवून, तुझे स्वतःचे काही म्हणणे आहे का, हे विचारावे, आणि तिने सांगितलेले नवऱ्याच्या फायलीत जाऊ नये. उशिरा सांगणे, तारखा चुकणे आणि चेहऱ्यावरचे भाव यांपैकी कोणत्याही एका कारणावर प्रतिकूल शेरा लिहू नये. जो शेरा लिहिला जाईल तो सकारण असावा आणि त्याची प्रत अर्जदाराला मिळावी, म्हणजे उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठात त्याला आव्हान देता येईल. संविधानाच्या अनुच्छेद २१ चे संरक्षण परदेशी व्यक्तीलाही आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने चकमा निर्वासितांच्या प्रकरणात १९९६ मध्ये सांगितलेले आहे.

हे जबाब घेणाऱ्या अधिकाऱ्यांबद्दलही एक विनंती आहे. दिवसभर बंदोबस्त, पासपोर्ट पडताळणी, आणि संध्याकाळी कुणाच्या तरी बलात्काराची कहाणी. ऐकणाऱ्यावरही त्याचा परिणाम होतो, आणि दगड झालेले मन लवकर अविश्वासाकडे वळते. या कामासाठी विभागातून निवडक अधिकारी नेमावेत, त्यांना प्रशिक्षण द्यावे आणि एका दिवसात असा एकच जबाब घेण्याची मुभा त्यांना असावी. प्रशिक्षणाला मी आणि माझे काही सहकारी विनामूल्य येऊ.

परिपत्रक निघेपर्यंत, ज्या दाव्यांत केवळ तफावत किंवा उशीर हे कारण देऊन प्रतिकूल शिफारस झाली आहे, त्या अर्जदारांना परत पाठवण्याची कारवाई थांबवावी आणि त्यांचे जबाब महिला अधिकाऱ्यासमोर नव्याने घ्यावेत. अशा दोन प्रकरणांचे कागद या पत्राच्या आपल्याकडील प्रतीसोबत बंद पाकिटात जोडले आहेत. त्यांतील एका अर्जदाराच्या व्हिसाची मुदत येत्या महिनाअखेरीस संपते.

आपली विश्वासू,
एक वकील, छत्रपती संभाजीनगर
(अशिलांची ओळख पटू नये म्हणून इथे नाव दिलेले नाही. विभागाकडे पाठवलेल्या प्रतीवर नाव, पत्ता आणि सनद क्रमांक आहे.)